विमानातली जुनी सीट, नवी सीट आणि माझा मणका

मणक्याच्या टीबीतून उठलेल्या बाईला लोक ठरलेले प्रश्न विचारतात. कसा झाला, कधी कळलं, पथ्य काय. मला त्याशिवाय आणखी एक प्रश्न येतो आणि तो विचारताना लोकांचा आवाज आपोआप खाली जातो. "तुम्ही म्हणे विमानात आडव्या होऊन गेलात?"

हो, गेले. जाताना बिझनेस क्लासच्या जुन्या सीटवर आणि येताना नव्या. त्या दोन सीटांमधला फरक मी जितका बारकाईने सांगेन तितका बिझनेस क्लासने नेहमी फिरणारा माणूस सांगू शकणार नाही. त्याला पाठ असते, पण ती आहे याची त्याला आठवण नसते. मला वर्षभर दुसरी कसलीच आठवण नव्हती.

दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या बऱ्याच जणींना हे तोंडी सांगून झालं आहे. काहींच्या कमरेला तोच पट्टा होता जो माझ्या कमरेला होता. त्यांच्यासाठी आता लिहून ठेवते.

खुर्ची, गादी, चपला

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणारा एक कारखाना आहे. तिथून माल बाहेर पाठवण्याचं काम माझ्याकडे असतं. कोणते गठ्ठे, कोणत्या रंगाचे, कोणत्या गाडीत. दिवसभर खुर्चीत नाहीतर पायांवर. त्यामुळे पाठ दुखायला लागली तेव्हा पहिला संशय खुर्चीवर गेला. खुर्ची बदलली. मग घरची गादी बदलली. मग चपला. मला यादी करून एकेक गोष्ट खोडायची सवय आहे. खोडता खोडता शेवटी मीच उरले.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली. मणके आमच्या गोदामातल्या गठ्ठ्यांसारखे एकावर एक नीट लावलेले होते, मधले दोन सोडून. ते कडेने खाल्ल्यासारखे दिसत होते.

"उंदीर लागलेत," मी म्हणाले.

"उंदीरच समजा. टीबीचे."

"पण मला खोकला नाही."

"मणका खोकत नाही हो, ताई."

मी पर्समधून पेन काढला. बरा होतो का? होतो. औषधं किती? वर्षभर, कदाचित जास्त. घरच्यांना लागेल का? मणक्याचा लागत नाही. माझे पती प्रकाश शेजारी उभे होते. मी शेवटचा प्रश्न विचारला, "पाय जातील का?"

पहिल्या तीन प्रश्नांना डॉक्टरांनी पटापट उत्तरं दिली होती. या प्रश्नाला ते टेबलामागून उठून आले आणि माझ्या पायाचा अंगठा चिमटीत धरला. "वर करा." मी केला. "दुसरा." तोही केला. "आज तर आहेत. ते तसेच ठेवायचे असतील तर वाकायचं नाही, उचलायचं नाही, आणि मी सांगेपर्यंत बसायचं नाही."

"जेवायला?"

"आडवं होऊन जेवा. नंतर उभ्याने जेवा. बसलं की शरीराचा सगळा भार त्या दोन मणक्यांवर येतो."

बाहेर आल्यावर प्रकाश म्हणाले, "मी गाडी आणतो, तू इथे बस." आणि दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

छत आणि आरसा

दवाखान्यातल्या पहिल्या काही आठवड्यांचं वर्णन करण्यासारखं फारसं नाही, कारण मी फक्त छत पाहिलं. कूस बदलायची तर दोन आयाबाया यायच्या, एक खांद्याला, एक कमरेला. "चला, ओंडका फिरवू," म्हणायच्या आणि मला एकदम, न पिळता, फिरवायच्या. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची. पहिल्या दिवशी मी घाबरून बेल वाजवली. आया म्हणाली, "रंगपंचमी समजा."

भीती संध्याकाळी यायची, भेटायला येणारे निघून गेले की. मी पांघरुणाखाली पायाचे अंगठे हलवत बसायची. बसायची म्हणजे पडायची. भाषेत सुद्धा किती ठिकाणी बसणं असतं ते तेव्हा कळलं.

एका नर्सने सलाईनच्या दांडीला छोटा आरसा चिकटपट्टीने लावून दिला. त्यात मला दार दिसायचं. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात डबा आहे. ज्यांच्या घरी कोणी आडवं पडून आहे त्यांनी हे आजच करा. आरसा लावा. माणसाला छताऐवजी दार दिसलं की तो निम्मा बरा होतो.

'बसा' म्हणायचं राहून गेलं

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला पहिला शब्द 'बसा'. पाणी त्यानंतर, चौकशी त्याच्यानंतर. धुळ्याला माझ्या सासूबाई, अक्का, तो शब्द अहिराणीत म्हणतात, 'बठ', आणि त्यांच्या तोंडी तो हुकूम असतो. वसुलीला आलेला माणूस असो की व्याही, अक्कांनी 'बठ' म्हटलं की तो टेकतोच.

मी पट्टा लावून उभी राहायला, चालायला लागले तेव्हा लक्षात आलं की मला कोणी 'बसा' म्हणत नाही. शेजारणीकडे गेले तर ती 'बस' म्हणता म्हणता जीभ चावायची. मी भिंतीला टेकून चहा प्यायची आणि तीही बिचारी उभी राहायची. कारखान्यातले लोक भेटायला आले तर सगळेच उभे. शोकसभा असावी तसं. मग लोकांचं येणं कमी झालं. मी कोणाला दोष देत नाही. उभ्याने गप्पा होत नाहीत.

काही जण रुमाल नाकाला लावून दारातूनच बोलले. अक्का मात्र धुळ्याहून पिशवी घेऊन आल्या आणि माझ्याच खोलीत अंथरूण टाकलं. प्रकाशनी अडवलं तर म्हणाल्या, "मना वयले आते काय व्हनार शे? तू तुनं काम कर." पण 'बठ' त्यांनीही म्हणायचं सोडलं. मी खोलीत आले की त्या म्हणायच्या, "आडी व्हय, माय." त्यांच्या तोंडून ते ऐकलं की मला सगळ्यात आजारी वाटायचं.

मुलीचा फोन

स्नेहा, माझी मुलगी, लंडनजवळ राहते. तिला दिवस गेल्याचं तिने मला दोन महिने सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा आधी माफी मागितली. "तुझ्या आजारपणात हे कसं सांगू, कळेना."

पहिलं बाळंतपण माहेरी. तिला इकडे येणं जमण्यासारखं नव्हतं. तिला सासू नाही. म्हणजे माहेराने उठून तिकडे जायचं. मला यात प्रश्नच दिसत नव्हता. प्रकाशना दिसत होता.

"तू पडलीस तिकडे तर? पोरीने बाळ सांभाळायचं की तुला?"

"मी जाते आहे ते तिला सांभाळायला."

"निर्मला, तुला ताट हातात धरून बसता येत नाही. नऊ-दहा तास विमानात कशी बसणार?"

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. स्नेहा फोनवर म्हणायची, "आई, नको येऊस, आम्ही करू." आणि फोन ठेवायच्या आधी विचारायची, "डिंक इकडचा चालेल का गं?" यातलं कोणतं वाक्य खरं आहे ते आईला कळतं.

जावई कुणाल नोकरीनिमित्त सारखा विमानाने फिरतो. त्या प्रवासांच्या साठलेल्या पॉइंटांवर तो माझं बिझनेस क्लासचं तिकीट काढू शकत होता. त्याने फोनवर फोटो पाठवला. सीट लांब करून तिच्यावर एक बाई झोपली होती, पांघरुणासकट. मी तो फोटो डॉक्टरांना दाखवला.

"असं झोपून जाणार असाल तर जा," ते म्हणाले. "पण उडताना आणि उतरताना सीट सरळ करावीच लागते. तेवढा वेळ बसण्याची तयारी करा. आणि पाय सुन्न वाटले तर पुढचं सगळं रद्द. कबूल?"

कबूल.

कुकरच्या शिट्ट्या

घड्याळाकडे बघत बसलं की वेळ जात नाही, म्हणून मी बसण्याचा सराव कुकरवर केला. पट्टा घट्ट करायचा, जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत सरळ बसायचं आणि पहिल्या शिट्टीला उठायचं. मग दोन. मग तीन. दुसऱ्या शिट्टीनंतर पाठीत कोणीतरी हळूहळू स्क्रू फिरवायला लागायचं. तिसरीची वाट बघताना कपाळावर घाम यायचा.

एके दिवशी तिसरी शिट्टी पटकन झाली. दुसऱ्या दिवशी त्याहून पटकन. मला वाटलं मी सुधारते आहे. ओट्याकडे माझी पाठ असायची आणि पट्ट्यामुळे मागे वळता येत नसे. शेवटी स्टीलच्या भांड्याच्या चकाकीत दिसलं की प्रकाश कुकरशी उभे आहेत आणि माझा चेहरा पडला की गॅस मोठा करतात.

"डाळ करपते ना हो," मी म्हणाले.

"करपू दे."

त्या दिवशी आमचं भांडण मिटलं. ते जायला हो म्हणाले नाहीत, पण बॅग माळ्यावरून काढून दिली.

निघायच्या आदल्या दिवशी कारखान्यातले रशीदभाई आले. चटयांचे माग त्यांच्या देखरेखीखाली चालतात. त्यांनी माझ्यासाठी सीटच्या मापाची एक अरुंद चटई विणून आणली होती. हिरवी, काठाला लाल पट्टी. मी फोनवरच्या फोटोवरून अंदाजाने त्यांना माप सांगितलं होतं. कल्पना माझीच होती. विमानातली गादी मऊ असणार आणि मऊ गादी माझ्या पाठीला चालत नाही. मग वर आपली चटई टाकली की झालं.

"ताई, आता बिझनेस क्लासमधे पण जळगावचा माल," रशीदभाई म्हणाले. "फोटो पाठवा हां. शेठला दाखवू."

अक्कांनी बाळासाठी जुन्या सुती लुगड्यांची छोटी गोधडी पाठवली होती. ती हातातल्या बॅगेत गेली.

जाताना: जुनी सीट

जळगावहून मुंबईपर्यंत रेल्वेच्या खालच्या बर्थवर आडवी गेले. त्यात नवीन काही नाही. नवीन ते विमानतळावर. तिथला मुलगा व्हीलचेअर घेऊन आला. मी नको म्हणाले.

"मॅडम, पेशंट लिहिलंय तुमच्या नावापुढे."

"हो. पण मला चालता येतं. बसता येत नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची चेष्टा करते आहे. शेवटी तो रिकामी खुर्ची ढकलत माझ्याशेजारून चालला आणि मी माझी बॅग त्या खुर्चीत बसवली. आम्हा दोघांत बसणारी तीच.

विमान जुनं होतं. आमच्या रांगेत दोन-दोन सीटा जोडून, माझी खिडकीची. शेजारी सुरतचे कापडाचे व्यापारी, सत्तरीचे. सीट चांगली रुंद, जाड गादीची, लोक बसून बसून मधे खोलगट झालेली. हातावरच्या बटणांची चित्रं पुसून गेली होती. पाठीच्या जागी हवा भरून फुगणारी उशी होती. बटण दाबलं की गुरगुरायची. बसण्याच्या दृष्टीने खरोखर उत्तम सीट. मला बसायचं नव्हतं, हा तिचा दोष नाही.

दार बंद झालं, विमान सरकलं, आणि थांबलं. पुढे विमानांची रांग होती. मी मनातल्या मनात कुकर लावला. पहिली शिट्टी झाली असेल. दुसरी. तिसरी. विमान जागेवरच. चौथ्या शिट्टीचा सराव आम्ही कधी केलाच नव्हता. पाठीतला स्क्रू फिरत होता आणि मी बुटांच्या आत अंगठे हलवत होते. आहेत. आहेत. अजून आहेत. गॅस मोठा करायला इथे कोणी नव्हतं.

शेजारच्या काकांनी माझा चेहरा पाहिला. "बेन, पहली बार? डर लगता है?"

"डर नहीं काका, पीठ."

"तो बात करो. बात करने से पीठ भूल जाती है." आणि त्यांनी मला जरीच्या साडीतली खरी जर आणि खोटी जर कशी ओळखायची ते सांगायला सुरुवात केली. विमान सुटलं, धावलं, आणि जमीन खाली गेली. मला त्यातलं अर्धंच कळलं, पण विमान वर जाईपर्यंत मी रडले नाही, ते त्या जरीमुळे.

सीटच्या पट्ट्याचा दिवा विझला. मी बटण दाबलं. सीट घरघरत लांब होऊ लागली, पाठ मागे गेली, पायाखालचा भाग वर आला, आणि मी आकाशात आडवी झाले. खाली ढग, त्याच्यावर विमान, विमानात मी, पाठीवर भार नाही. इतके महिने मी ज्या छताकडे बघत होते, त्या छताच्या पलीकडे येऊन पडले होते. हे माणसाने बनवलंय, असं मला मोठ्याने म्हणावंसं वाटलं.

मग मी काळजीपूर्वक उठून रशीदभाईंची चटई अंथरली.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या प्रकारची ती सीट लांब होते, पण सपाट होत नाही. सरळ फळीसारखी होते आणि फळी तिरकी राहते, डोकं वर, पाय खाली. फोटोत हे दिसत नाही. आणि मी आयुष्यभर ज्या मालाचे गठ्ठे पाठवत आले तो माल गुळगुळीत असतो. मी आडवी झाले, डोळे मिटले, आणि चटईसकट हळूहळू खाली निघाले. घसरगुंडीवर बसवलेल्या पोरासारखी. गोळ्यांची माझी गोल डबी उशीजवळ ठेवली होती, ती माझ्या आधी गडगडत पायाशी पोचली.

"अरे बेन, आप तो फिसल गए!" काका म्हणाले.

हवाई सुंदरी धावत आली. मी पायाशी गोळा झालेली, अंगावर हिरवी चटई. तिला आधी काही कळेना. मग ती ओठ चावून हसू दाबायला लागली आणि मला हसू फुटलं. हसल्यावर पाठ दुखली, म्हणून आणखी हसू आलं. चटई गुंडाळून वर गेली. मी बाळाची गोधडी काढून कमरेखाली टाकली. सुती लुगड्याला पकड असते, ते घसरू देत नाही. तरी तासातासाने मी थोडी खाली जायची आणि ती मुलगी येऊन पायाखाली उशी सारायची. एकदाही कपाळाला आठी नाही. मधे दोनदा मला उठावं लागलं आणि दोन्ही वेळा झोपलेल्या काकांना ओलांडायचं शक्य नव्हतं, म्हणून ते जागे होऊन बाहेर उभे राहिले.

उतरताना पुन्हा सरळ बसले. पाठीत आग होती. पण लंडनच्या जमिनीवर चाकं टेकली तेव्हा मी दोन्ही अंगठे वर केले, बुटाच्या आतच.

मांडीवरची झोप

स्नेहाने दारात मला पाहिलं आणि ती दोन्ही हातांनी पोट धरून रडली. मी तिला उभ्यानेच जवळ घेतलं.

मला काय जमलं आणि काय नाही, ते सरळ सांगते. स्वयंपाक जमला, ओट्याशी उभं राहून. लाडू जमले. बाळाला आंघोळ घालणं आमच्या पद्धतीने जमलं नाही. पाटावर बसून, पाय लांब करून, बाळाला नडगीवर पालथं घालून आंघोळ घालतात, तसं माझ्या आईने स्नेहाला घातलं होतं. मला ते फार हवं होतं. मी बाळाला बेसिनमधे उभ्याने आंघोळ घातली. बाळाला काही फरक पडला नाही. नातच ती, व्यवहारी.

ती पोटभर दूध पिऊन झोपायची ती माणसाच्या अंगावरच. खाली ठेवलं की जागी. स्नेहाचे डोळे मिटत असायचे. मग मी पट्टा घट्ट करून खुर्चीत टेकायची आणि बाळ मांडीवर घ्यायची. एक शिट्टी, दोन शिट्ट्या. उठावंसं वाटायचं, पण उठलं की ती उठणार. तिच्या श्वासाने तिची पाठ वर-खाली व्हायची, माझ्या तळहाताएवढी. त्यात मणके असतील, मुगाच्या दाण्याएवढे, सगळे शाबूत. मी त्यांच्याकडे बघत राहायची. डॉक्टरांचा फोनवर सल्ला घेऊन, त्यांनी सांगितलेल्या बेताने, मी रोज थोडी जास्त बसत गेले. शिट्ट्या मोजायचं कधी बंद झालं ते सांगता येणार नाही.

येताना: नवी सीट

परतीचं विमान नवं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि दारातच थांबले, मागच्यांना अडवून.

ती सीट नव्हती. खोली होती. प्रत्येकाला आपली, छातीपर्यंत भिंत, आणि सरकवून लावता येईल असं छोटं दार. कोणालाही ओलांडून जायचं नाही. बटणांऐवजी काचेची पट्टी, तिच्यावर माणसाचं चित्र. बोटाने चित्रातला माणूस झोपवला की आपण झोपतो. सीटचा पट्टा खांद्यावरूनही येतो. गादी जुनीपेक्षा पातळ आणि कडक. धडधाकट माणसाला जुनी आवडेल. माझ्या पाठीला ही. पाय ठेवायला समोरच्या सीटखाली कोनाडा, तो मात्र अरुंद. दोन्ही पाय जुळवून ठेवावे लागतात, आणि गुडघे दुमडून कुशीवर झोपणाऱ्याची अडचण होईल. काही ठेवायचं तर बाजूला फळी, झाकणाचा कप्पा, चष्म्यासाठी वेगळी खाच. ज्याने हे केलं तो आमच्यासारखा याद्या करणारा असणार.

वर गेल्यावर मी चित्रातल्या माणसाला झोपवलं. घरघर नाही, धक्का नाही. हवाई सुंदरीने वर आणखी एक पातळ गादी घालून चादर ताणून दिली. मी झोपायच्या आधी गोळ्यांची गोल डबी काढली, कडेवर उभी केली आणि हात सोडला.

ती हलली नाही.

मी बराच वेळ त्या डबीकडे बघत होते. आकाशात, ढगांच्या वर, एवढ्या वेगात, आणि सपाट. आमच्या गोदामाची फरशी इतकी सपाट नाही. मला लोक म्हणतात, पण जुन्या सीटवर माणुसकी होती ना, ते काका, ती उशी सारणारी मुलगी? होती, आणि मी त्या दोघांना विसरणार नाही. पण आजारी माणसाचं ऐका. कोणाला बोलवावं न लागता पाठ टेकता येणं, यासारखी दुसरी माणुसकी नाही. नवी सीट जास्त चांगली. तुम्हाला आडवं जायचं असेल तर तिकीट काढताना एकच विचारा, सीट पूर्ण सपाट होते का. फोटोवर जाऊ नका. आणि चटई नेऊ नका.

मी छान झोपले. जाग आली तेव्हा जेवण आलं होतं. चित्रातल्या माणसाला सरळ केलं, जेवले. मग फोनवर नातीचे फोटो उघडून बघत होते. एकात ती जांभई देते, एकात माझा पट्टा चोखते. खिडकीत ऊन आलं होतं. फोटो संपले की पुन्हा पहिल्यापासून.

हवाई सुंदरी आली. "मॅडम, आता उतरायला सुरुवात होईल. सीट सरळ करायची आहे." मग तिने खाली पाहिलं. "अरे, सरळच आहे. तुम्ही मगापासून बसलेल्याच आहात."

मी फोन खाली ठेवला. जेवणापासून मी बसले होते. किती शिट्ट्या झाल्या असत्या कोणास ठाऊक. एवढ्या वेळात मला पाठ आहे याची आठवण झाली नव्हती. आता झाली. थोडी दुखत होती. कोणाचीही दुखेल तेवढी.

त्या खोलीला दार होतं ते बरं झालं. मी ते सरकवलं आणि मुंबई येईपर्यंत रडून घेतलं, ताठ बसून.

धुळे

औषधं अजून चालू आहेत. पुढची तपासणी व्हायची आहे. वाकणं आणि उचलणं बंदच आहे. पण फिल्ममधे ते दोन मणके आता एकमेकांना धरून उभे आहेत, असं डॉक्टर म्हणाले.

जळगावला पोचल्यावर सामान टाकून, दोन दिवस विश्रांती घेऊन आम्ही धुळ्याला गेलो. अक्का ओसरीत होत्या. मी दारातच, उभ्याउभ्याने, त्यांना सगळं सांगायला लागले. जुनी सीट कशी तिरकी, मी चटईवरून कशी घसरले, तुमची गोधडी बाळाआधी माझ्याच खाली गेली, नवी सीट कशी सपाट, डबी कशी हलली नाही. अक्का ऐकत होत्या, पण त्यांची नजर माझ्या पायांपासून कमरेपर्यंत आणि कमरेपासून पायांपर्यंत फिरत होती. मागे प्रकाश म्हणाले, "अक्का, ही विमानात बसून आली. झोपून नाही, बसून."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग पदराने आपल्या शेजारची बाकाची जागा झटकली.

"झोपानं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बठ."

मी बसले.